किनारा निवडताना

ओहोटी सव्वासहाची.
अंगस गाडी हळूच वाळूवर घालतो,
माणसाच्या चालीने, त्याहून एक पाऊल जास्त नाही,
आणि पुढच्या आडव्या दांड्यावरचे पाच डोळे
ओली वाळू वाचायला लागतात.
गाडी जात नाही अशा खडकांच्या बेचक्यांत
मी. हातात काठी, कानात टिकटिक,
उत्तर स्कॉटलंडचा वारा कॉलरमधून थेट पाठीत.

काय करतेस, विचारतात लोक.
सांगते, किनारा निवडते.
आई सूपासाठी जव निवडायची तसा,
खिडकीच्या उजेडात, चष्मा कपाळावर ढकलून.
फक्त माझ्या ताटाला कड नाही,
आणि दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन
निवडलेलं, न निवडलेलं
सगळं एक करून जातं.

खडा केवढा? मिठाच्या कणाएवढा.
दिसला तरी वाळूच दिसेल.

बाबा त्या कारखान्यात होते, तळ्यावर.
वापरून झालेल्या इंधनाची सालं
पाण्याखाली सोलायची.
सोलताना कीस पडायचा.
कीस मोरीत. मोरी समुद्रात.
त्या किसाचा कीस पाडण्यात
आता माझी नोकरी चालली आहे.

मी एकदा विचारलं होतं, भांडणाच्या सुरात.
ते बूट पुसत होते. म्हणाले,
"पोरी, तेव्हा समुद्र मोठा होता."
जणू मधल्या काळात तो आटला.
पण हेरिंग गेली होती, फरशीच्या खाणी बंद पडल्या होत्या,
आणि शुक्रवारी हातात पाकीट यायचं.
आमच्या गल्लीतला पहिला फ्रिज आमचा.
त्याचं दार उघडून उभी राहायचे मी,
आतला दिवा बघत.

टिकटिक दाटते.
एका जागी, शेवाळलेल्या दगडाच्या पायथ्याशी,
गारा पडाव्यात तशी.
फावडं. वीतभर. आणखी वीतभर.
ट्रेमध्ये वाळू घ्यायची, दोन ढीग करायचे.
जो बोलतो तो ठेवायचा, गप्प राहील तो परत.
बोलक्याचे पुन्हा दोन.
पुन्हा दोन.
निम्म्याचं निम्मं करत करत
चमच्यात चिमूटभर उरते,
मग चिमटीत बसणार नाही इतकं काहीतरी
आणि तेच एकटं एवढं ओरडत असतं.

अर्धायुष्य म्हणतात त्याला. तीस वर्षं.
तीस वर्षांत निम्मा, साठांत पाव.
मरत नाही, नुसता थकत जातो.
माझ्याच वयाचा असावा हा.
बाबांचंही शेवटी असंच झालं,
आधी निम्मी नावं गेली, मग निम्मी माणसं,
मी समोर बसलेली असायचे
आणि ते विचारायचे, "झडपा बंद केल्यास ना?"
केल्या बाबा, म्हणायचे मी.
कुठल्या झडपा, मला अजून ठाऊक नाही.

बाटली. बाटलीवर क्रमांक, तारीख,
भरतीरेषेपासूनचं अंतर,
शोधणारी: यू. स्वॉन्सन.
शिशाच्या डब्यात ठेवताना आवाज मिटतो
दार लावल्यावर शेजारचं भांडण मिटावं तसा.
शेजारी भांडतच असतात.

कुत्रा घेऊन एक बाई येते, नवी असावी.
"इथे त्याला मोकळं सोडू का?"
अंगस माझ्याकडे बघतो, मी पाटीकडे.
पाटीवर पाच वाक्यं आहेत,
सगळी खरी.
मी म्हणते, "माझा कुत्रा इथेच वाढला."
हेही खरंच आहे. तिला उत्तर मिळालं की नाही
तिचं तिला माहीत.

खड्डा बुजवायला वळते
तर पाण्याने तो आधीच अर्धा बुजवलाय.

गाडीच्या पायरीवर बसून डबा उघडते.
उकडलेलं अंडं, कागदाच्या पुडीत मीठ.
पुडी उघडून हात जरासा थांबतो,
वीस वर्षं झाली, रोज थांबतो.
मग भुरभुरवते.
अंगस म्हणतो, पुढची ओहोटी
पावणेसातची.