अर्धी टाकी

आठ महिने मी टाकी पूर्ण भरली नाही.
भरली की गाडी तिथेच रुसायची,
पंपावर, नेमक्या गर्दीत.
स्टार्टर कण्हत राहायचा
आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर कोपर टेकून बसायचा.
मग ॲक्सिलरेटर तळाशी रेटायचा, श्वास धरायचा,
चौथ्या-पाचव्या झटक्याला ती उठायची
कच्च्या पेट्रोलची ढेकर देत.

म्हणून दहा डॉलरचं. फार तर बाराचं.
हॅन्कॉकमध्ये तेवढ्यात भागतं :
शाळेचं स्वयंपाकघर, पोस्ट, चर्च, पुलापलीकडचा दंतवैद्य.
ग्रीन बे मात्र दोनशे मैल.
"अगं, गाडी बिघडलीय," मी इन्केरीला फोनवर सांगायचे.
"हो ना," ती म्हणायची,
आणि आम्हा दोघींनाही बरं वाटायचं.

रूडीने गॅरेजमध्ये तीनशे दहा सांगितले.
पार्ट अडतीसचा. पाकिटातून आला,
मुठीएवढा, काळा, दोन नळ्यांची तोंडं आणि एक प्लग.
इतक्याशा जिवासाठी आठ महिने.

ऑक्टोबरचा शनिवार. सॉनाच्या पडवीतून हत्यारं काढली,
वेलचीचा पाव आणि कॉफी फेंडरवर ठेवली.
पुस्तकात समजावून दिलंय :
टाकीतली वाफ हवेत सुटू नये म्हणून
कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात.
ही झडप एरवी मिटलेली.
इंजिन नीट तापलं की उघडते, मिटते, उघडते,
थोडी थोडी वाफ आत सोडते,
जळेल तेवढीच.

इंजिन चालू ठेवून डब्याकडची नळी उपसली,
उघड्या तोंडावर बोट ठेवलं.
झडपेने बोट ओढून धरलं,
तान्ह्या बाळासारखं.
तेव्हा ओढायला नको होतं तिने.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात;
हिचं तोंड मिटतच नव्हतं.

गाडी बंद केली. प्लगची कुंडी थंडीने कडक झालेली.
तळहातात धरून ऊब दिली, हळूच दाबली,
तरी तुटली.
मी फिनिशमध्ये एक शब्द उच्चारला,
जो आई फक्त गाईसाठी वापरायची.

दहाचा बोल्ट. तो पडला,
अर्थातच, जिथे हात पोचत नाही तिथे.
पाऊण तास, आरसा, चुंबक, गुडघे.
शेजारचा वेन्डेल कुंपणावरून म्हणाला,
"मदत हवी का?"
"नको," म्हटलं. मग म्हटलं, "टॉर्च धर."

जुनी झडप हातात घेऊन फुंकली,
फुंकर आरपार गेली, वेन्डेलच्या मिशीपर्यंत.
नवी फुंकली. गाल फुगले, कान दुखले, हवा हलली नाही.
साठीत पहिल्यांदाच
बंद दार पाहून मला इतका आनंद झाला.

तुटलेल्या कुंडीवर प्लास्टिकचा पट्टा आवळला.
दिसायला भिकार. धरलाय मात्र घट्ट.

संध्याकाळी पंपावर गेले.
काटा फिरत राहिला, वीस, तीस, एक्केचाळीस,
नळी आपणहून खट्‌ करून थांबली.
आत बसले. मागे एक ट्रक होताच.
किल्ली फिरवली,
आणि पहिल्याच झटक्याला ती बोलली,
जणू कधी काही झालंच नव्हतं.
मी तशीच बसून राहिले.
मग हॉर्न वाजला.
या वेळी चूक माझीच.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा अजून पेटलेला आहे.
पुस्तक म्हणतं, घाबरू नका, काम झालंय,
गाडीला खात्री पटायला वेळ लागतो,
थोडं चालवा, आपोआप विझेल.

थोडं म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.

रात्री फोन लावला.
"गाडी कशी आहे?" इन्केरीने सवयीने विचारलं.
खिडकीतून ती दिसत होती, पुलाच्या दिव्यांत,
गळ्यापर्यंत भरलेली.
मी पावाचे चुरे एका बोटाने गोळा केले.
म्हटलं, "चालते गं आता."

पलीकडे बराच वेळ
कोणी काहीच बोललं नाही.