खालचा थर

कुताइसीच्या बाजारात, पुलाच्या कडेला,
लामाराने मशीन डाळिंबांच्या खोक्यावर मांडलं होतं.
साठ लारी, म्हणाली. मी चाळीस.
चाक फिरवून दाखवायला गेली, फिरेना.
"थंडी वाजतेय त्याला."
मला हसू आलं, आणि पन्नास मोजले.

त्सियाला म्हणाली, ट्रॉलीबस भंगारात गेल्या, आता हे का?
मी बोललो नाही. रॉकेल ओतलं.
तीन दिवस ते स्वयंपाकघरात वास मारत बसलं
रुसलेल्या व्याह्यासारखं.
चौथ्या दिवशी चाक
नखभर हललं.

मग सुईखालची पट्टी उघडली.
दात्यांच्या फटीत दबून बसलेला कोंडा,
नमद्यासारखा घट्ट.
टाचणीने उचकटत गेलो:

वर काळा. बराच काळा.
त्याखाली खाकी, पातळसा, एकाच हिवाळ्याचा असावा.
त्याखाली पांढरा, त्यात अडकलेली एक चंदेरी टिकली.
आणि पार तळाशी, तेलात मुरलेला,
कोंबडीच्या पिल्लासारखा पिवळा.

तीस वर्षं मी इंजिनांतला गाळ काढला.
तो सगळा एकाच रंगाचा असायचा.

कोंडा काड्यापेटीत भरला.
शनिवारी लामारा चमचे विकत होती,
त्याच काळ्या स्वेटरमध्ये.
काड्यापेटी खिशातच राहिली.

"चालतं का?"
"चालतं. टाका जरा सैल पडतो."
"वरचा स्क्रू अर्धा फेरा आवळा," ती म्हणाली,
चमचा पदराने नाही, बाहीनेच पुसत,
"त्याहून जास्त नको.
दोरा तुटतो."