दुसरा हात

तार्तूत नदीकाठी आमची वस्ती आहे,
तिच्या गल्ल्यांना भाज्यांची नावं:
बटाटा गल्ली, वाटाणा गल्ली, घेवडा गल्ली.
वांग्याची गल्ली नाही.
इथली थंडी वांग्याला मानवत नाही.

म्हणून वाटाणा गल्लीतल्या उर्वेनं
शेडकार्डाच्या अगदी तळच्या चौकोनावर बोट ठेवलं
तेव्हा मी चष्मा काढून पुसला.
काळपट, धुरकट, उतरलेला जांभळा.
"वांगी," मी म्हटलं, "तेही चार दिवस
टोपलीत राहिलेलं, चकाकी गेलेलं."
"तोच. चारही भिंती."

एकतीस वर्षं मी या गावात भिंती रंगवतोय.
उत्तरेची खोली, एकुलती एक खिडकी,
डिसेंबरात तीन वाजले की दिवा लावायचा.
अशा खोलीला पांढरा द्यावा, फार तर सायीचा.
हे मला माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या.
"खोली आक्रसेल, उर्वे."
"लहानच आहे ती, आर्ने.
मोठी असल्याचं सोंग तिनं आणखी किती वर्षं करायचं?"

पैसे तिचे. मी खरवडायला घेतलं.
पांढऱ्याखाली पांढरा, त्याखाली पिस्ता,
त्याखाली सरकारी तपकिरी तेलरंग,
पत्र्यासारखा चिवट,
मग वर्तमानपत्राचे पापुद्रे,
आणि गुडघ्याच्या उंचीवर पेन्सिलीची आडवी रेघ:
कुठल्याशा वसंतात एमायोगी, म्हणजे आमची आईनदी,
इथवर घरात येऊन गेली होती.
रेघ ठेवू का, विचारलं.
"नको. आईला पाठ आहे ती."

आई, लेइदा, शेजारच्या खोलीत, उघड्या दाराशी.
पांढऱ्या पडद्यालगत खुर्ची.
सहा दिवस मी येता-जाता मान लववली,
सहा दिवस म्हातारीनं ओळख दिली नाही.
शिष्ट आहे, मी मनात म्हटलं,
आणि लांबी भरत राहिलो.

पहिला हात भयंकर.
गडद रंग पहिल्या हाताला दगा देतोच:
कुठे ढग, कुठे पट्टे,
कुठे पिकल्या जखमेसारखा निळसर डाग.
उर्वे बघून गेली. काही बोलली नाही.
जाता जाता एवढंच:
"चौकट पांढरीच ठेव. दिव्याचं बटणही."
हल्ली सगळे एकाच रंगात बुडवतात, मी सांगितलं,
चौकट, बटण, छतसुद्धा. फॅशन आहे.
"पांढरीच," ती म्हणाली.

मग दुसरा हात.
रोलर सावकाश, वरून खाली, कड ओली असेतो.
रात्रभर सुकू दिला.
सकाळी दार उघडलं तर भिंती
उजेड पिऊन गप्प बसल्या होत्या,
मांजर दूध पिऊन बसतं तशा.
खोली आक्रसली नव्हती.
भिंती कुठे सुरू होतात तेच कळेना.

सातव्या दिवशी उर्वेनं आईला दंडाला धरून आत आणलं.
सामान अजून यायचं होतं. शिडी, डबे,
भिंतीलगत स्टुलावर माझा कॉफीचा पांढरा कप,
आणि माझे पांढरे कपडे घातलेला मी.

लेइदा थबकली.
"हा कोण उभा आहे? गिरणीवाला?"
"रंगारी, आई. आठवडाभर इथेच आहे."
"कधी दिसला नाही."

उर्वे माझ्याशी हळू बोलली,
ब्रश धुताना बोलावं तसं, नळाकडे बघत:
दोन वर्षं झाली. दूध कपाच्या शेजारी ओतते.
बटण चाचपत भिंतभर फिरते.
पांढऱ्या घरात तिला पांढरं काही सापडत नाही.

आणि मी तिला फॅशन शिकवत होतो.

म्हातारीनं लेकीचा हात सोडला.
चार पावलं. न चाचपता, न अडखळता
तिचा हात सरळ कपाच्या कानाला गेला.
थंड झालेली कॉफी होती, माझी, उष्टी.
ती घोट घेऊन म्हणाली,
"साखर नाही यात."
माझ्याकडे बघून म्हणाली.
बरोबर माझ्याकडे.