दुसऱ्या खाचेतलं कार्ड

कुपवाडच्या भंगारातून दुसरं ग्राफिक्स कार्ड आणलं.
पंख्यात लोखंडाचा कीस. ब्रशनं झाडलं,
रिकाम्या खाचेत दाबलं,
टक् झालं.
मग पडदा काळा.

"नाना, एका गड्याच्या भाकरीत दोघं जेवतील का?"
फोनवर सुदर्शन.
मिरजेला गेलो, मोठा पॉवर सप्लाय आणला
पेन्शनीतून, घरी किंमत निम्मी सांगून.

लिनक्स काही लपवत नाही,
पण विचारल्याशिवाय बोलतही नाही.
विचारलं. दोघांची नावं दिली
एकाखाली एक, रेशनकार्डावर असतात तशी.
एकाचा ड्रायव्हर कंपनीचा,
दुसऱ्याचा कुणीकुणी मिळून लिहिलेला.
चार रात्री त्यांचं पटलं नाही.
दोन मॉनिटर लावले, तर माऊसचा बाण
पहिल्याच्या काठाशी येऊन थांबायचा,
आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून
पाणी बघत माणूस थांबतो तसा.

शेवटी दोन्ही पडदे एकालाच दिले.
दुसऱ्याला वायरच नाही.
त्यानं नुसतं गणित करायचं.

गणित म्हणजे माझ्या वह्या.
एकतीस वर्षं कृष्णेची पट्टी वाचली,
पुरात तासातासाला, फूट आणि इंच.
आता मशीनला माझं अक्षर शिकवतोय.
एक आणि नऊ त्याला सारखेच वाटतात.
रात्री दोनला, बॅटरी तोंडात धरून,
भिजल्या कागदावर
मलाही वाटायचे.

परवा सगळं जुळलं. एकशे बारा पानं तेवढी
त्यानं परत केली.
हे अक्षर शिकवलेलं नाही, म्हणाला.
चष्मा पुसून पाहिली.
नऊला शेपूट भलतंच लांब,
पाचाचं पोट उघडं.
माझं नव्हतंच ते.
दस्तगीरचं.

मला ताप असायचा तेव्हा,
भावकीत लग्न असायचं तेव्हा,
आणि खरं सांगायचं तर
नुसती झोप यायची तेव्हाही
तोच उतरायचा खाली, घोट्याएवढ्या गाळात.
पानाखाली सही माझी.

पहाटेचे चार. पडद्यावर घड्याळ,
ते पहिलं कार्ड दाखवतंय.
दुसऱ्याचं तापमान अठ्ठ्याहत्तर.
पेटीच्या कुशीला हात लावला, धग आली.

ती पानं वेगळ्या फोल्डरात टाकली.
मशीननं नाव विचारलं.
टाइप करायला घेतलं,
तर द नंतरचा स्त
कीबोर्डवर पटकन सापडेना.