नकाराधिकार

कसबा बावडा, नववी ब.
पुठ्ठ्यांवर स्केचपेननं देश.
पुढचे पाच बाक कायमचे,
बाकीच्यांनी जागा बदलत राहायचं.

सुरय्या शिकलगारला मलावी,
नळाकडच्या खिडकीशी.
तिचा ठराव: नकाराधिकार रद्द करा.
चव्वेचाळीस हात वर.
फ्रान्सचा, म्हणजे धैर्यशील इंगवल्याचा,
एकच आडवा.
संपलं.

"यांना हा हक्क दिला कुणी?"
"युद्ध जिंकले होते," मोरबाळे सर म्हणाले.
"मग कुस्ती मारली
की आखाडाच नावावर होतोय व्हय, सर?"

वर्ग हसला.
सर खडू घेऊन नुसतेच उभे.
धैर्यशील, रोज पहाटे तालमीत जाणारा,
पुठ्ठ्याचा कोपरा मुडपत बसला.

इतिवृत्तात मी लिहिलं: ठराव फेटाळला.
प्रश्नासाठी रकाना नव्हता.
समासात लिहिला, पेन्सिलीनं.