बावीस पूर्णांक दोन

प्रज्योत बेंगळूरला गेला, सायकल इथंच राहिली.
दहावीला हट्टानं घेतलेली: जाड टायर, एकवीस गिअर,
राजहंसगडाच्या चढाला नेऊन
चिखलासकट परत आणलेली.
तीन वर्षं जिन्याखाली. हँडलला कांद्याची पिशवी.

मला गड चढायचा नाही.
मला वडगावातून उद्यमबागेत जायचंय, पहिली पाळी,
डबा, स्वेटर, तिसऱ्या गेटाशी खोळंबा,
आणि त्याआधी ती एक गल्ली, जिथं समोरून
दुधाचा टेम्पो आला की भिंतीचा चुना खांद्याला लागतो.
हँडल सहाशे ऐंशी मिलिमीटर.
मोजलं, कारण मोजणं हीच माझी नोकरी:
दिवसभर बुशिंगं, स्पिंडल,
कुणाचा तरी चुकलेला शतांश.

फोनवर पोरगा म्हणाला,
खाली वळलेलं घे आई, मेंढ्याच्या शिंगांचं,
वारा कापत जातं.
म्हटलं, वाऱ्यानं माझं काय वाकडं केलंय?
मला साडेपाचशेत मावायचंय.
शिवाय त्या शिंगांचा पाइप तेवीस पूर्णांक आठ,
आणि तुझ्या गिअरचं कडं बावीस पूर्णांक दोन.
एक पूर्णांक सहाचा फरक.
आमच्याकडे एवढ्यावर अख्खा लॉट परत जातो.
तो हसला. मग म्हणाला, जेवलीस का?

दस्तगीरमामूच्या दुकानाची पाटी कन्नड,
उधारीची वही उर्दू, शिव्या मराठी.
हाताखालचा बाळेश तारा मोजत होता,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि मी आले की चुकायचा, पुन्हा ओंदु.
मामूनं माळ्यावरून एक हँडल काढलं,
कुण्या पोस्टमनचं, मागे वळलेलं,
निकेल उडालेलं, धरलं की कोपरं
आपोआप कमरेशी येतात
आणि माणूस जरा ताठ बसतो,
पत्र असो नसो.
मुठीशी बावीस पूर्णांक दोन, बरोब्बर!
मध्ये मात्र सैल. दुपारच्या सुट्टीत
पितळेची पत्री वाकवून भरली.
सुपरवायझरनं विचारलं, कुठल्या ऑर्डरचं?
म्हटलं, घरची आहे.

राहिले गिअरचे खटके.
जुन्यांना आकड्यांची इवली खिडकी होती,
आत ग्रीसचा दगड.
अंगठ्यानं ढकलावं तर दोनदा पोकळ,
तिसऱ्यांदा एकदम दोन चक्रं ओलांडून
पाय हवेत.
पुढची तीन चक्रं होती, मधलं ठेवलं,
बाकीची दोन मामूला दिली.
मागच्यासाठी त्यानं डब्यातून काढला
एक साधा दांडा. आकडा नाही. खटका नाही.
कुठं थांबायचं ते कुठंच लिहिलेलं नाही.

मी व्हर्नियर काढला. मामूनं माझा हात धरला नाही,
नुसती मान हलवली:
आक्का, ह्ये मोजाचं न्हवं. ऐकाचं हाय.

पहिल्या दिवशी साखळी दोन चक्रांच्या मधोमध
पुटपुटत राहिली अनगोळपर्यंत.
ना हे, ना ते. एक म्हातारा थांबून बघत होता.
मी दांडा केसभर पुढे, केसभर मागे,
ऊन कानावर, टेम्पोचा हॉर्न,
आणि मग अचानक
काहीच ऐकू येईना.
एवढंच. बसली होती.

गेटाशी फाउंड्रीतला सदबा भेटला,
माझ्या हँडलकडे बघत म्हणाला, कितव्यात हाय गा?
माहीत नाही, म्हटलं.
वीस वर्षांत त्यानं माझ्या तोंडून
हे ऐकलं नसावं.
प्रज्योतला फोटो पाठवला. उत्तर आलं:
आई, हे तर आबांच्या सायकलीसारखं दिसतंय.
आबांकडे सायकल नव्हती. मी काही लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी पाळी सुरू झाली,
ट्रेमधला पहिला स्पिंडल उचलला,
मापायच्या आधी टेबलाच्या कडेवर
हळूच टिचकी मारून कानाशी धरला.
मग इकडेतिकडे बघितलं,
आणि व्हर्नियर घेतला.