इतिवृत्त

सव्वीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो:
'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.'
चर्चा चहाएवढी,
कधी चहा यायच्या आधीच संपलेली.
ठराव आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो,
फक्त तारखेची जागा मोकळी.

मग हे नवं खूळ निघालं.
मतदारयादीतली नावं कापून बरणीत घातली,
बरणी कँटीनची, लोणच्याचा वास न गेलेली,
आणि शिपायाच्या नातीनं छत्तीस चिठ्ठ्या उचलल्या.
दोघं वारलेले निघाले, एक पनवेलला गेलेला.
तेवढ्या पुन्हा.

विषय: टेकडीवर आणि पायथ्याला
पाणी किती वाजता सोडावे.
(अर्ध्याअधिक मुंबईचं पाणी
आमच्या भांडुपच्याच डोंगराआड गाळलं जातं.
हे इतिवृत्तात लिहायचं नसतं.)

पहिला शनिवार. पालिकेची शाळा, दुसरी ब.
बाकं अशी बुटकी
की सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.
अभियंता साहेबांचेही.
त्यांनी नकाशा उलगडला, दाब समजावला, उंची समजावली.
रामअवध मौर्य, रात्रपाळीचे वॉचमन, म्हणाले,
साहेब, चावीवाल्याला फोन कुणाचा जातो?
साहेब पाणी प्यायले.
मी लिहिलं: 'अभियंता यांनी पाणी प्यायले.'
दुसरं काय लिहिणार?

दुसऱ्या शनिवारी भांडण.
पाणीपट्टी आम्ही भरायची, बबन उतेकर ओरडले,
आणि वेळा वरच्यांनी सांगायच्या?
गुलशन मणियार उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या.
साडेतीनला उठते, नळाला नंबर लावते,
शेवटचा हंडा चढवेस्तोवर साडेपाच.
मुलीला एकटं कसं ठेवू, तीही सोबत.
मग ती इथं येऊन पेंगते. याच वर्गात.
तुम्ही बसलात त्याच्या मागच्या बाकावर.

उतेकरांनी मागे वळून पाहिलं नाही.
पण पुढचा तासभर
त्यांची पाठ बाकाला टेकलीही नाही.

तिसऱ्या शनिवारी ते कागद घेऊन आले.
रात्री बॅटरी घेऊन वर जाऊन आलो, म्हणाले.
दोनशे अकरा पायऱ्या. सतरा तुटक्या.
एका हंड्याला मला दोनदा बसावं लागलं.
मग म्हणाले, माझं मत बदललं.

माझ्या तक्त्यात रकाने तीन:
अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ.
'श्री. उतेकर यांनी आपले मत'
इथवर लिहिलं आणि पेन थांबलं.
सव्वीस वर्षांत
या वाक्याचं क्रियापद मला कधी लागलंच नव्हतं.

सगळेच काही विरघळले नाहीत.
वैदेही साठ्ये शेवटपर्यंत हाताची घडी घालून.
सासऱ्यांचं डायलिसिस घरी चालतं,
माझी सकाळ मी कुणाला देणार नाही.
कुणी त्यांना स्वार्थी म्हटलं नाही.
मौर्यांनी फक्त विचारलं, अशी घरं किती?
मोजली. नऊ.
त्यांच्यासाठी वेगळं कलम घातलं,
तरी त्यांनी हात विरोधातच वर केला.

चौथा शनिवार. पाळी आठवड्याआड.
चावीची नोंदवही चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर,
कुणीही वाचावी अशी.
बाजूनं एकोणतीस, विरोधात पाच, गैरहजर दोन.

अकरा पानं झाली.
साहेब म्हणाले, एका ओळीत आणा.
ओळ बोटांना पाठ होती.
'सविस्तर चर्चेअंती' टाइप केलं
आणि पहिल्यांदाच ते खोटं वाटलं नाही.
म्हणून पुढचं 'सर्वानुमते' खोडलं.
पाच नावं लिहिली, आडनावांसकट,
मागे अकरा पानं जोडली, टाचणी नाही, दोऱ्यानं शिवून.

फाइल वर गेली. दीड महिना झाला.
दर सोमवारी दुपारी टेबलावरचा फोन वाजतो:
उतेकर बोलतोय. आमची फाइल कुठवर आली?

उतेकर पायथ्याला राहतात.
त्यांना पाणी सकाळी साडेसहालाच येतं.